१९६७ चे नवे संगीत : एका सालाचा फेरविचार

१

सरत्या सालातील उत्कृष्ट कृतींचा हिशेब त्या सालाच्या अखेरीस मांडावयाचा, ही रूढी वाङ्मयाप्रमाणे संगीताच्या क्षेत्रातही रुजलेली आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत असते. पंचांगाचे वर्ष आणि कलेचे वर्ष एकाच दिवशी संपते, असे ते गृहीत होय. ग्रंथाच्या बाबतीत हे काही अंशी निभावून जाते, कारण ग्रंथ छापून झाला की तो पूर्ण असतो. संगीताचे तसे नाही. नवी चाल प्रथम ऐकू येते तो तिचा जन्मदिवस असतो. ती कितपत नवी होती हे कळण्यास ती अनेक कंठांतून, अनेक रात्री फिरून यावी लागते.

मराठी संगीताच्या संदर्भात या म्हणण्याचा पडताळा १९६७ या सालाइतका स्पष्टपणे क्वचितच मिळेल. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या मध्यावर कोणी साक्षेपी समीक्षकाने वर्षाचा आढावा लिहून संपादकाच्या हाती दिला असता, तर त्यात त्या वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या कृतीचा उल्लेखही आला नसता. कारण पुरुषोत्तम दारव्हेकरलिखित ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग ‘नाट्यसंपदा’ने केला तो २४ डिसेंबर १९६७ रोजी. साल संपावयास एकच आठवडा उरला होता.

या योगायोगाची केवळ मौज वाटून घेऊन थांबणे योग्य होणार नाही. ज्या नाटकाला सालाच्या हिशेबात जागा मिळाली नसती, त्याच नाटकाने त्या सालातील संगीतापुढचा खरा प्रश्न विचारला होता. संगीत कोणाच्या मालकीचे, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात त्या सालाच्या नव्या संगीताचा फेरविचार या एका प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे.

२

प्रथम त्या सालाची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १९६७ हे भारतीय संगीताच्या प्रसाराचे वर्ष होते. जून महिन्यात अमेरिकेतील माँटेरे येथील संगीतमहोत्सवात रविशंकरांचे सतारवादन झाले आणि रागसंगीताशी कसलाही पूर्वपरिचय नसलेल्या हजारो तरुणांनी ते एकाग्रतेने ऐकले. त्याच सुमारास बीटल्स या इंग्रज गायकवृंदाची ‘सार्जंट पेपर्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत जॉर्ज हॅरिसन यांचे भारतीय वाद्यांच्या साथीने बांधलेले एक गीत होते. इकडे भारतात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीची. संतूर, बासरी आणि गिटार या तीन वाद्यांनी काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या रागांतून उभा करावा, ही तिची कल्पना. रागांच्या समयविचाराला तीत कथेचा धागा मिळाला आणि मैफलीत कधीही न बसलेला श्रोता रागसंगीताजवळ आला.

मराठीपुरते बोलावयाचे तर ‘संथ वाहते कृष्णामाई’ हा चित्रपट याच सालचा. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि सुधीर फडके यांचा स्वर यांतून त्याचे शीर्षकगीत सिद्ध झाले. चित्रपटगीत आणि भावगीत यांच्या सीमेवर उभे असलेले हे गीत निर्मळ आहे, प्रसन्न आहे आणि आजही ऐकले जाते. मात्र आधीच्या दशकात, १९५५-५६ मध्ये, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ने जी वाट रुंद केली होती, तिच्यावरचेच ते एक रम्य वळण आहे, नव्या दिशेचा आरंभ त्यात नाही.

नागपूरच्या वाचकाने याहून वेगळ्या एका घटनेचीही नोंद घ्यावयास हवी. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून प्रायोगिक स्वरूपात जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. गाण्याच्या मागेपुढे मालाचे नाव येऊ लागले. तोपर्यंत आकाशवाणीवरील संगीत कोणी विकत नव्हते आणि कोणी विकत घेतही नव्हते. रविशंकरांच्या माँटेरेपासून नागपुरातील रेडिओपर्यंत सर्वत्र संगीत घराच्या उंबऱ्याबाहेर पडत होते. कोठे विद्या म्हणून, कोठे वस्तू म्हणून. अशा वेळी एका नागपूरकर नाटककाराने, गाणे उंबऱ्याच्या आत कोंडून ठेवू पाहणाऱ्या उस्तादाचे नाटक लिहावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३

‘कट्यार’मधील संगीताची नवता कशात आहे हे समजण्यासाठी नाट्यसंगीताच्या परंपरेकडे थोडे वळले पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदांच्या चाली बहुतांशी प्रचलित गीतांवरून घेतलेल्या होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी या प्रकाराला निराळे वळण दिले. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींची भारदस्त घडण पदांना दिली आणि रागदारी संगीत सामान्य प्रेक्षकाच्या कानी पडले. पुढे बोलपट आला आणि संगीत रंगभूमी ओसरली. १९६० नंतर तिला जे नवे चैतन्य लाभले, त्यात जितेंद्र अभिषेकी यांचा वाटा अग्रगण्य आहे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधे’त आणि १९६६ च्या ‘ययाति आणि देवयानी’त त्यांनी पद आटोपशीर केले, शब्दाच्या भावार्थाला स्वराच्या बरोबरीचे स्थान दिले आणि अनवट राग रंगभूमीवर आणले.

तेव्हा १९६७ मध्ये अभिषेकींची शैली नवी नव्हती. तीन वर्षांत ती स्थिर झाली होती. नवे होते ते तिच्यापुढचे काम. पूर्वीच्या नाटकांत पात्रे गात, कारण संगीत नाटकात गाण्याचा तसा संकेतच होता. शकुंतला किंवा रुक्मिणी ही गायिका नव्हे; तिचे गाणे हे तिच्या मनोगताचे अलंकृत रूप. ‘कट्यार’मधील पात्रे मात्र गवईच आहेत. राजगायकाच्या पदासाठी पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यात स्पर्धा आहे. राजगायकाला मिळणारी कट्यार आणि तिच्या बळावर माफ असलेला एक खून हे त्या पदाचे भयंकर भूषण आहे. सदाशिव हा विद्यार्थी विद्येसाठी येतो आणि ज्या घरात गुरू भेटावयाचे तेथे त्यांचा प्रतिस्पर्धी बसलेला पाहतो. अशा कथानकात गाणे संकेतापुरते राहत नाही. ते पात्राचे कर्म होते, कथेचा पुरावा होते. पद फसले तर येथे कथानकच फसते. कारण कोण श्रेष्ठ हे संवादात सांगून भागत नाही, ते प्रेक्षकाच्या कानाला पटावे लागते.

४

या कसोटीला अभिषेकींची रचना कशी उतरली, हे पाहण्यास ‘घेई छंद मकरंद’ या पदाच्या दोन चाली पुरेशा आहेत. शब्द तेच. एक चाल धानी रागात आहे, तर दुसरी सालगवराळीत. धानी हा पाच स्वरांचा, सुटसुटीत अंगाचा राग. त्यातील चालीत शब्द मोकळेपणाने खेळतात आणि पदाचा आकार ऐकणाऱ्याच्या हाती लगेच लागतो. सालगवराळी हा अनवट राग. तेथे श्रोत्याला पुढचा स्वर कोणता येईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि गायकाची बुद्धी जणू प्रत्येक स्वरसमूहापाशी त्याला आव्हान देत राहते. एकीकडे शब्दाला सांभाळून घेणारी वृत्ती, दुसरीकडे शब्दाला निमित्त करून आपले सामर्थ्य प्रकट करणारी वृत्ती.

घराणे म्हणजे काय, या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आवाजाचा लगाव, लयीशी असलेले नाते, तानेची जात, बंदिशींचा संग्रह इत्यादी लक्षणे त्यात सांगितली जातात. हे सारे वाचूनही ज्याने गाणे ऐकलेले नाही त्याच्या मनात काही उभे राहत नाही. अभिषेकींनी व्याख्या न करता उदाहरण दिले. तेच शब्द दोन तऱ्हांनी ऐकवले की घराणे ही काय वस्तू आहे, हे साऱ्या नाट्यगृहाला एकदम उमगते. संगीताविषयीची समीक्षा येथे संगीताच्याच भाषेत केलेली आहे. नाट्यसंगीताच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण.

‘तेजोनिधी लोहगोल’ हे दुसरे उदाहरण. सूर्याच्या वर्णनाच्या या पदासाठी ललत-पंचम योजिला आहे. ललत हा पहाटेचा राग. दोन मध्यमांच्या सान्निध्यामुळे त्यात एक अस्थिर, संधिप्रकाशासारखा भाव असतो आणि पंचम त्यात वर्ज्य असतो. ललत-पंचमात तो पंचम येतो. ज्या स्वरावर गायकाला आणि श्रोत्याला हक्काने विसावता येते तो स्वर अस्थिर मध्यमांच्या शेजारी प्रकटावा आणि पदाचा विषय सूर्योदय असावा, यात रागनिवडीचा विवेक दिसतो. हा केवळ समयाचा हिशेब नव्हे. अर्थ आणि स्वर यांचे येथे सायुज्य झाले आहे. ‘सुरत पिया की’ या रागमालेच्या धर्तीच्या चीजेत मात्र योजना निराळी आहे. तेथे एका रागातून दुसऱ्या रागात जाणे हाच विषय असून गवयाच्या विद्येचे ऐश्वर्य उघडपणे दाखविले जाते. विद्येचा गर्व हे ज्याचे स्वभावलक्षण, त्या पात्राच्या तोंडी ते शोभते.

५

आता मालकीच्या प्रश्नाकडे यावे. नाटकातील खाँसाहेब आपली गायकी अन्य कोणाच्या कानी पडू देण्यास राजी नाहीत. ती त्यांच्या दृष्टीने वंशाची ठेव आहे. सदाशिव ती लपून, चाकराच्या वेषात, ऐकून ऐकून मिळवतो. हे कथानक कपोलकल्पित असले तरी त्याचे बीज परंपरेत आहे. ग्वाल्हेरच्या दरबारात बडे महंमद खाँ यांचे गाणे हद्दू-हस्सू खाँ या बंधूंनी आड लपून ऐकले आणि आत्मसात केले, ही आख्यायिका गवयांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणजे ज्या ग्वाल्हेर गायकीला घराण्यांची जननी मानतात, तिच्या आरंभकथेतच चोरून ऐकणे आहे. घराण्याची भिंत जितकी जुनी, तितकाच तिच्याला लावलेला कानही जुना.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे नाटक ज्यांनी उभे केले त्यांपैकी कोणीही एका घराण्याच्या भिंतीआड वाढलेले नव्हते. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांच्या कंठाला वळण लागले. पुढे लाहोरात असद अली खाँ, नंतर सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, रामकृष्णबुवा वझे अशा भिन्न परंपरांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गायनाचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला. उपजीविकेसाठी त्यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. अभिषेकी मूळचे गोव्यातील मंगेशीचे. आजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित आदी अनेकांकडे ते शिकले. आणि दारव्हेकर हे नागपूरचे. येथे ‘रंजन कला मंदिर’ उभारणारे, येथील आकाशवाणीवर काम केलेले, पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळाच्या बाहेर घडलेले.

घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या खाँसाहेबांची भूमिका, कोणत्याही एका घराण्याचा गंडा न मिरविणाऱ्या गायकाने करावी, यातील उपरोध वरवरचा नाही. नाटकाचे कथानक ज्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या प्रवेशात देते, त्याचे उत्तर त्याचे संगीत पहिल्या पदापासूनच देत असते. खाँसाहेब जी गायकी कोंडून ठेवू पाहतात, ती प्रत्यक्षात नागपूर, लाहोर, मुंबई, पुणे अशा ठिकठिकाणच्या दानांतून जमलेली आहे. १९६७ मध्ये जे नवे म्हणून ऐकू आले ते अनेकांनी दिलेले आणि एकाने पचविलेले जुनेच होते. संगीतातील नवतेची याहून यथार्थ व्याख्या करता येणे अवघड आहे.

नागपूरच्या अभ्यासकाने येथे एक पथ्य पाळले पाहिजे. ‘कट्यार’ हे नागपूरचे नाटक, असे अभिमानाने म्हणण्याचा मोह होतो. लेखक येथला, प्रमुख गायकाचे आरंभीचे शिक्षण येथले. तेव्हा तो मोह क्षम्य आहे. परंतु संगीतकार गोव्याचा, निर्मिती मुंबईची आणि श्रोतृवर्ग साऱ्या महाराष्ट्राचा असलेल्या या कृतीवर एका शहराची मुद्रा मारणे म्हणजे नाटकातील खाँसाहेबांचाच हट्ट नव्याने धरणे होय. नागपूरचे श्रेय दात्याचे आहे, आणि दात्याला मालकीची गरज नसते.

६

या नाटकाची थोरवी मान्य केली म्हणजे त्यातील उणिवांकडे डोळेझाक करावी असे नाही. पहिली उणीव रंगभूमीच्या स्वभावातून आलेली आहे. नाटकाचा नैतिक कौल उदार विद्येच्या बाजूने आहे. परंतु प्रयोगाचा कौल खाँसाहेबांच्या बाजूने पडतो. प्रेक्षक टाळ्या देतात त्या तेजस्वी तानांना, लयीच्या धाडसाला, वसंतरावांच्या बेदरकार फेकीला. भार्गवराम आचरेकरांनी उभे केलेले पंडितजी आणि प्रसाद सावकारांचा सदाशिव यांचे गाणे शांत, भाविक, भरीव असूनही त्याला त्या झंझावातापुढे उभे राहावे लागते. ज्या गर्वाचा पराभव दाखवावयाचा, तोच गर्व सर्वांत मोहक होऊन बसतो. हा दोष म्हणावा की कलेचे सत्य म्हणावे, याविषयी दुमत संभवते. गर्वाचे गाणे खरोखरच मोहक नसते, तर ते कोंडून ठेवण्याला अन्याय तरी कोणी म्हटले असते?

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. शांत आणि भक्तिमय गायकी पंडिताकडे, आक्रमक आणि चमत्कृतिप्रधान गायकी खाँसाहेबांकडे, ही वाटणी नाट्याला सोयीची असली तरी इतिहासाला धरून नाही. मिरजेस वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या किराणा गायकीतील विलंबित करुणा, किंवा डागर बंधूंच्या धृपदातील ध्यानस्थ आलाप, यांचे स्मरण ठेवले म्हणजे ही वाटणी किती कृत्रिम आहे हे दिसून येते. धर्मावरून गायकीचा स्वभाव ठरत नाही. नाटककाराचा हेतू भेद वाढविण्याचा नाही, उलट शेवटी शस्त्राहून सूर श्रेष्ठ ठरवून त्याने तो मिटविला आहे. तथापि मिटविण्यासाठी जो भेद प्रथम उभा केला, तो तपासून घेतलेला नाही.

तिसरी गोष्ट स्त्रीपात्रांची. उमा आणि झरीना या दोघी गवयांच्या मुली. फैय्याज यांच्या झरीनेला गळा आहे, गाणे आहे, प्रेक्षकांचे प्रेमही आहे. तरीही वारशाचा निर्णायक सामना होतो तो उस्ताद आणि सदाशिव यांच्यात. विसाव्या शतकात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकांनी घराणी जिवंत ठेवली. त्यांच्या हयातीत लिहिलेल्या नाटकात घराण्याचा वारस पुरुषच असावा, हे त्या काळच्या कल्पनेचे बंधन म्हणून नोंदविले पाहिजे.

७

वसंतराव देशपांडे १९८३ मध्ये निवर्तले, अभिषेकी १९९८ मध्ये आणि दारव्हेकर १९९९ मध्ये. त्यानंतर या संगीताचे काय झाले, हाच त्याच्या गुणवत्तेचा खरा निकाल आहे. २०१० मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले आणि खाँसाहेबांची भूमिका स्वतः केली. वरकरणी हा रक्ताच्या वारशाचा विजय दिसतो. पण आजोबा गेले तेव्हा हा नातू चार वर्षांचाही नव्हता. समोर बसून तालीम मिळणे शक्यच नव्हते. इतर गुरूंकडून विद्या आणि ध्वनिमुद्रणांतून आजोबांचा स्वर, असा त्याचा मार्ग होता. म्हणजे घरातल्या वारसालाही अखेर सदाशिवाच्याच वाटेने, ऐकून ऐकून, वारसा मिळवावा लागला. २०१५ साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली याच कथेवर चित्रपट निघाला. त्यात शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांच्या जोडीला नवी गीते दिली आणि त्यांतील एका गीतासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्धशतकाच्या अंतराने तेच संगीत नव्या संगीताला जन्म देण्याइतके सुपीक राहिले होते.

ध्वनिमुद्रिकांवर आज जी पदे मिळतात ती काही मिनिटांची आहेत. प्रयोगात ती रंगत, वाढत, प्रेक्षकांच्या आग्रहाने पुन्हा घेतली जात. दर रात्रीचा विस्तार निराळा असे. तो विस्तार त्या रात्रीबरोबर गेला. उरला तो आराखडा. आणि त्या आराखड्यावरून आज गावोगावची मुले शिकतात, स्पर्धांत गातात, पुष्कळदा वसंतरावांच्या लकबींची नक्कलही करतात. नकलेत धोका आहे, हे खरे. ज्याने कोणाचीच नक्कल केली नाही त्याची नक्कल करणे हे त्याच्याविषयीच्या अज्ञानाचेच लक्षण होय. परंतु भिंतीला कान लावणाऱ्याचा पहिला सूर नकलेचाच असतो. त्यातून स्वतःचा सूर कोणाचा निघतो, हे ठरण्यास वेळ लागतो.

म्हणून १९६७ च्या नव्या संगीतात अग्रस्थान कोणास द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या सालात देता येणे शक्य नव्हते. त्या वर्षी रविशंकरांची सतार समुद्रापार घुमली, संतूर घरोघर पोचण्याच्या मार्गाला लागले, रेडिओवर गाण्याच्या शेजारी जाहिरात येऊन बसली. या सर्वांनी संगीत दूरवर नेले. ‘कट्यार’ने संगीत का दिले पाहिजे, हे संगीतातूनच सांगितले, आणि सांगता सांगता स्वतःही ते देऊन टाकले. सालाचा आढावा घेणाऱ्याने डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तरी थांबावे, एवढाच धडा यातून घेता येईल. पण अधिक खोल धडा असा की, नव्या संगीताचे मोल ते किती टाळ्यांनी स्वीकारले गेले यावरून ठरत नाही. ते पुढे किती जणांच्या गळ्यात उतरले आणि तेथे कितपत निराळे झाले, यावरून ठरते. त्या मापाने पाहिले तर १९६७ हे साल अद्याप संपलेले नाही.